अवघड उडी की सोपी?

आमच्या देवळाली प्रवरा येथे मल्लखांबाच्या स्पर्धेआधी मुले हटकून विचारतात, ‘सर, शेवटची उडी अवघड घेऊ की सोपी?’

परीक्षक काठिण्य आणि सफाई दोन्ही पाहतात. जिम्नॅस्टिक्समधले उदाहरण घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दीपा कर्माकरच्या पहिल्या उडीला काठिण्याचे ६.० व सफाईचे ८.८६६ गुण मिळाले. दोन कोलांट्यांच्या ‘प्रोदुनोव्हा’ला ७.० व ८.२६६. म्हणजे सफाईत ०.६ गेले, पण काठिण्यात १.० मिळाला!

मग अवघडच निवडावी? थांबा. अंग आवळले की कोलांटीचा वेग वाढतो. जमिनीवर येण्याआधी ते उलगडले नाही, तर तोल जाऊन मानेवरही पडू शकता.

म्हणून माझे मत असे : बेरीज जरूर मांडा, पण गादीवर पुन्हापुन्हा साधलेली उडीच स्पर्धेत निवडा. मान मोडली, तर पुढच्या स्पर्धेत कोण उतरणार?