विसाव्याला निमित्त कशाला?



आपल्या मंडळ्यांतली पुष्कळ मुले आज आखातात आणि युरोपात नोकरीला आहेत. सुट्टीत ती आईवडिलांना कुठे कुठे बोलावतात, आणि मग उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात एक प्रश्न निघतो. ग्रीसच्या बेटांमधून शिडाच्या बोटीने आठवडाभर हिंडायचे, पोहायचे, मासळी खायची, दुपारी झोपायचे. एवढ्याचसाठी पैसा आणि वेळ घालवणे विश्वासणाऱ्याला शोभते का?

यावर एक पळवाट तयारच असते. "प्रेषित पौलाच्या मार्गाने यात्रा" असे नाव दिले की कोणी काही बोलत नाही. आम्हाला मात्र ही पळवाट पटत नाही. सुट्टीला सुट्टीच म्हणावे. विसावा ही देवाची आज्ञा आहे, तिला यात्रेचा झगा घालायची गरज नाही.

ही सुट्टी असते तरी कशी? तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून असलेल्या कोस बेटावरून निघावे. उत्तरेला कालिम्नोस, लेरोस, चिमुकले लिप्सी आणि मग पात्म, अशी बेटे एकामागून एक येतात. बोटी बहुधा शनिवारी ताब्यात मिळतात आणि पुढच्या शनिवारी परत द्यायच्या असतात. स्वतःला बोट हाकता येत नसेल तर सोबत स्किपर घेतात, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेलच. वेग ताशी पाच-सहा सागरी मैल, सुमारे दहा किलोमीटर. सायकलवाला पुढे निघून जाईल. दिवसाकाठी तीन-चार तास शीड, मग एखाद्या खाडीत नांगर. रविवारी सकाळी गावातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मागे उभे राहावे. भाषा कळली नाही तरी कोणाची स्तुती चालली आहे ते कळते.

उन्हाळ्यात या समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. तो जोरात असला की शहाणा तांडेल बंदर सोडत नाही. एक दिवस जातो, कधी दोन जातात. ठरवलेले बेट राहून जाते. ज्याला सात दिवसांत सात बेटांचे फोटो हवे असतात त्याचा इथे संताप होतो. ज्याला विसावा हवा असतो तो धक्क्यावर बसून जाळी सुकवणाऱ्यांशी खुणांनी बोलतो. वेळ आपल्या हातात नाही हे आपण दर रविवारी कबूल करतो. वारा ते सोमवारीही कबूल करायला लावतो.

पौल याच पाण्यातून गेला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० व २१ पाहा: मितुलेने, खियास, साम, मिलेता, कोस, रुदा. पण तो घाईत होता. पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत त्याला यरुशलेमेस पोहोचायचे होते. त्या घाईतही एक गोष्ट लूक नोंदवून ठेवतो. त्रोवस येथे रात्रभर, अगदी पहाटेपर्यंत बोलून झाल्यावर पौलाने सोबत्यांना तारवाने पुढे पाठवले आणि स्वतः अस्सपर्यंत पायी गेला. ही वाट तीसहून अधिक किलोमीटरची. कारण लूक सांगत नाही. एवढे मात्र दिसते, की मंडळीच्या कामात आकंठ बुडालेल्या माणसानेही एक दिवस सर्वांपासून वेगळा घेतला, आणि लूकने त्याला बोल लावला नाही.

पुढे क्रेत बेटाजवळ याच्या उलट घडले. हिवाळा जवळ आला होता. पौलाने सावध केले, पण शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले. बहुतेकांना अधिक सोयीचे बंदर हवे होते. दक्षिणेचा मंद वारा सुटला, आपले साधले असे त्यांना वाटले, आणि थोड्याच वेळात तुफानाने तारू पळवले (अध्याय २७). थांबायला तयार नसलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. मुलांच्या परीक्षा, बढती, घराचे हप्ते यांच्यामागे न थांबता धावणाऱ्या आपल्या घरांनाही ती लागू पडते.

तरीही विसाव्याचा खरा धडा पौलापाशी नाही, प्रभूपाशी आहे. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य कामावरून परततात. लोकांची इतकी ये-जा असते की त्यांना जेवायलाही सवड नसते. तेव्हा प्रभू त्यांना एकान्तात विसाव्यासाठी बोलावतो, आणि ते जातात ते मचव्यातून. पाण्यावरचा विसावा प्रभूनेच सुचवला होता! पण लोक पायी धावत पुढे जातात, आणि मचवा किनाऱ्याला लागतो तेव्हा समोर मोठा समुदाय उभा असतो. प्रभूला त्यांचा कळवळा येतो. शिष्यांना विसाव्यासाठी बोलावले ही आपली चूक झाली, असे तो म्हणत नाही. आणि आम्ही सुट्टीवर आहोत, असेही म्हणत नाही.

कोसच्या किनाऱ्यावर उभे राहिले की हा उतारा टाळता येत नाही. सर्वांत अरुंद ठिकाणी तुर्कस्तान चार-पाच किलोमीटरवर आहे. २०१५ साली साडेआठ लाखांहून अधिक निर्वासित समुद्रमार्गे ग्रीसमध्ये आले, पुष्कळसे रबरी होड्यांतून. त्या वर्षी २ सप्टेंबरला बोद्रुमजवळच्या वाळूत एका लहानग्या सीरियन मुलाचे शव सापडले. ते कुटुंब कोसला यायला निघाले होते. ज्या पाण्यात आपण पोहायला उतरणार तेच हे पाणी. समुद्रात संकटात सापडलेल्याच्या मदतीला जाणे हे प्रत्येक तांडेलाचे कर्तव्य मानले जाते. सुट्टीची बोटही त्याला अपवाद नाही.

म्हणून जाऊच नये का? नाही, जावे. पण शब्बाथाची आज्ञा पूर्ण वाचून जावे. तिथे फक्त घरधनी विसावत नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परकाही विसावतो (निर्गम २०:१०). अनुवादात तर स्पष्ट म्हटले आहे की दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळावा. एकट्याने घेतलेला विसावा ही या आज्ञेची अर्धीच पूर्तता आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण ग्रीसला कधी जाणार नाहीत, आणि कर्ज काढून तर कोणी जाऊच नये. पण प्रश्न बेळगावात, इंदुरात, वडोदऱ्यातही तोच आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला वर्षात किती दिवसांची पगारी रजा मिळते? आपण आठ दिवस गावाला गेलो की तिचा पगार कापतो का? चर्चच्या राखणदाराला नाताळच्या आठवड्यात एक तरी संध्याकाळ घरच्यांसोबत मिळते का? पाळकसाहेब रविवारी सर्वांत जास्त राबतात. त्यांचा विसाव्याचा वार कोणता, हे पंचकमिटीने कधी ठरवले आहे का? ज्या घरात स्वयंपाकघर फक्त एकीच्याच अंगावर पडते, तिथे रविवार तिच्यासाठी कोणता दिवस असतो?

आमचे मत इतकेच आहे. ज्याला देवाने सवड आणि ऐपत दिली आहे त्याने शिडाच्या बोटीत खुशाल बसावे, निमित्त शोधू नये आणि लाजू नये. मात्र तिकीट काढण्याआधी आपल्या पदरी राबणाऱ्याची रजा ठरवावी. आणि किनाऱ्यावर कोणी उभे असेल तर बोट वळवायची तयारी ठेवावी.

हे प्रभू, तू नावेत उशाशी डोके टेकून झोपलास आणि हाक येताच उठलास. आम्हालाही तशीच झोप दे, आणि तसेच उठव. आमेन.