रंगभूमी, पार्लमेंट आणि पुन्हा रंगभूमी

निवडणुका जवळ आल्या की चित्रपटातील कोणा नटाला वा नटीला उमेदवारी मिळाल्याची वार्ता येतेच. अशा वेळी मला हटकून आठवण होते ती १५ जून २०२३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी निवर्तलेल्या ग्लेन्डा जॅक्सन या इंग्रज अभिनेत्रीची.

बर्कनहेडच्या एका गवंड्याची ही कन्या. औषधांच्या दुकानात दोन वर्षे नोकरी करून शिष्यवृत्तीवर लंडनच्या नाट्यशाळेत गेली. १९७१ साली बीबीसीच्या ‘एलिझाबेथ आर’ या मालिकेत राणी एलिझाबेथ साकारताना बाईंनी डोक्याचा पुढचा भाग खरोखरच तासून घेतला. ‘विमेन इन लव्ह’ व ‘अ टच ऑफ क्लास’ या चित्रपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळाले. दोन्ही समारंभांना त्या गेल्या नाहीत.

१९९२ साली मजूर पक्षातर्फे त्या पार्लमेंटात निवडून आल्या आणि त्यांनी अभिनय साफ सोडला. १९९७ ते १९९९ वाहतूक खात्यात उपमंत्री होत्या. पुढे इराक युद्धाच्या प्रश्नावर स्वपक्षाच्या पंतप्रधानांनाही त्यांनी विरोध केला. २०१० साली त्या जिंकल्या त्या अवघ्या ४२ मतांनी. जुनी कीर्ती मतपेटीत आपोआप पडत नाही, हे या आकड्यावरून दिसावे.

येथे मला वडिलांची आठवण होते. तरुणपणी ते दरबारचे गवई होते. संस्थान विलीन झाले, नोकरी गेली, आणि त्यांनी कारकुनी पत्करली. पुढे तंबोरा पुन्हा जुळवला, शिष्यही मिळाले. पण जाणत्यांपुढची बैठक पुन्हा लाभली नाही. ‘सुटलेला रियाज परत येत नाही,’ असे ते म्हणत. मी ते खरे मानीत आलो.

जॅक्सनबाई तर २३ वर्षांनी परतल्या. २०१६ साली, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक रंगमंदिरात त्यांनी किंग लिअर उभा केला. पुरुषांच्या स्त्रीभूमिकांवर वाढलेल्या आपल्या रंगभूमीच्या रसिकाला याचे मोल सांगायला नको. मग २०१८ साली न्यूयॉर्कला टोनी पारितोषिक, आणि २०१९ साली बीबीसीच्या ‘एलिझाबेथ इज मिसिंग’मधील स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा.

मग वडील चुकले काय? मला तसे वाटत नाही. बाईंची तालीम पक्की होती, तशी वडिलांचीही होती. फरक इतकाच की तिकडे रंगमंदिर उभे होते, बीबीसी उभी होती, ऐंशीच्या नटीला द्यायला भूमिका होती. इकडे दरबार उठला आणि त्याच्या जागी फारसे काही आले नाही.

तेव्हा कलावंत उमेदवार दारी आला, तर हार जरूर घालावा. पण गावच्या गवयाला बसायला जागा कोठे आहे, एवढे त्याला विचारावे.