मध्ये कोण कशाला?

'एजंट' हा शब्द आपल्या कँटीनमध्ये जवळजवळ शिवीसारखाच वापरला जातो. चावी घेऊन यायचं, दार उघडायचं, "हवा बघा सर किती खेळती आहे" म्हणायचं आणि लाखभर रुपये खिशात घालायचे, हे कसलं काम? त्यात आपण पडलो इंजिनिअर. मधला टप्पा काढला की लॉस कमी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे नोकरी लागून दोन-चार वर्षं झाली, घरच्यांनी "आता घराचं बघ" म्हटलं, की आपण निघालो थेट मालकाकडे! माझं मत जरा वेगळं आहे. ते ऐकून दोन मित्रांनी मला 'एजंटांचा एजंट' ठरवून टाकलंय. असो.

आधी हिशोब. पुण्यातला ६० लाखांचा जुना वन बीएचके धरा. एजंट साधारण १ ते २ टक्के मागतो, म्हणजे ६० हजार ते १ लाख २० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), वर नोंदणी फी ३० हजार. सरकारला साडेचार लाख मुकाट्याने देणाऱ्या माणसाचा जीव एजंटाच्या साठ हजारांसाठी मात्र वरखाली होतो. वाचवा की पैसे, माझी ना नाही. पण तो माणूस गेला की त्याच्याबरोबर काय जातं तेही बघा.

माझ्या मावसभावाने कोथरूडला असाच थेट व्यवहार ठरवला. विकणारे काका निवृत्त, अगदी सज्जन. पहिल्याच भेटीत पोहे झाले, चहा झाला, गावाकडची ओळख निघाली. "आपण दोघं बोलू ना, मध्ये कोण कशाला?" शेअर सर्टिफिकेटवर नाव काकांचंच. भावाने २ लाखांचा टोकनचा चेक दिला, साध्या कागदावर पावती घेतली आणि मग वकिलाकडे गेला. वकिलांचा पहिलाच प्रश्न, "फ्लॅट यांच्या नावावर आला कसा?"

तर फ्लॅट मूळचा काकांच्या आईचा. आई गेल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून त्यांचं नाव लावलं होतं. आता नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी मात्र वारसांचीच. मृत्युपत्र नाही, काकांना दोन बहिणी. म्हणजे दोघींनी एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर खरेदीखतावर सह्या करायच्या. नागपूरच्या बहिणीने साफ नकार दिला. टोकन आठ महिने अडकलं. त्या २ लाखांसाठी मावशीने एफडी मोडली होती.

काका खोटं बोलले का? मुळीच नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही! ज्या घरात पोहे खाल्ले तिथे "तुम्हाला बहिणी किती? आईचं मृत्युपत्र दाखवा. फ्लॅटवर कर्ज आहे का?" असं तोंड वर करून विचारणार कोण? भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच. मधला माणूस हे बिनदिक्कत विचारतो. त्याला विचारताना लाज वाटत नाही आणि मालकालाही त्याचा राग येत नाही. माझ्या मते त्या साठ हजारांतला निम्मा भाग या निर्लज्जपणाचा असतो.

एजंट असला की सगळं निर्धोक, असं नाही हं. मालकी हक्काची खात्री तो देत नाही, ते वकिलाचंच काम. रेराखाली २०१७ पासून एजंटांची नोंदणी आली, २०२३ मध्ये महारेराने त्यांची परीक्षाही सुरू केली, पण त्याचा उपयोग मुख्यतः नव्या प्रकल्पांत. जुन्या सोसायटीतल्या रीसेल फ्लॅटला रेराचा फारसा आधार नाही.

तेव्हा एजंट नको असेल तर त्याचं काम आपल्या अंगावर येतं. वकील टोकनच्या आधी गाठा. त्याला ३० वर्षांचा सर्च घ्यायला सांगा. मूळ करारनामा मालकाच्या कपाटात आहे की बँकेत गहाण, ते बघा. "पार्किंगचे वेगळे २ लाख" म्हणाले तर थांबा, कारण ओपन किंवा स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. सोसायटीला ट्रान्सफर फी २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. आपल्या उदाहरणात तोही बरोब्बर ६० हजार! विसरलात तर नोटीस तुम्हाला येते, मालकाला नाही.

टोकनच्या पावतीवर एक ओळ हवीच, की मालकी हक्कात दोष निघाला तर रक्कम अमुक दिवसांत परत. ती ओळ मालकाला तोंडावर कोण सांगणार, हे मात्र पोहे खायला जाण्याआधी घरीच ठरवून घ्या.