कवटीवर बसवलेला चेहरा: पुरावा की अनुमान?

१/ छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या वाटेवर प्रवरेकाठी नेवासे लागते. ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण तेथील टेकाडात सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची वस्तीही उजेडात आली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने आढळली: दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत अस्थी.

२/ याच संस्थेच्या पथकाने २०१३ ते २०१६ या काळात हरियाणातील राखीगढीची दफनभूमी खणली. तेथील सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांवरून दक्षिण कोरियातील संशोधकांच्या साह्याने चेहरे घडवले गेले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध होताच 'हेच आपले पूर्वज' अशा मथळ्यांनिशी समाजमाध्यमांवर फिरू लागले. मुद्दा या मथळ्यांचा आहे.

३/ चेहरा घडतो कसा? सीटी स्कॅनवरून कवटीची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. कानाच्या छिद्राची वरची कड आणि नेत्रखोबणीची खालची कड एका पातळीत आणून ती सरळ केली जाते. मग ठरावीक बिंदूंवर मांसाची सरासरी जाडी मांडतात आणि त्यावर स्नायू व त्वचा चढवतात.

४/ ही जाडी मोजलेली असते हयात माणसांवर. कोणत्या समाजाची, किती वयाची, किती सुदृढ माणसांची सरासरी घ्यायची, हे संशोधक ठरवतो. म्हणजे प्राचीन चेहऱ्यात आधुनिक माणसाची मापे मिसळलेली असतात.

५/ तयार चेहरा व कवटी एकमेकांवर ठेवल्या की भुवया, गालफडे, हनुवटी चपखल जुळतात. पाहणाऱ्याला तोच पुरावा वाटतो. वास्तविक चेहरा त्याच कवटीवर बेतलेला आहे, तो जुळणारच! न्यायवैद्यक तपासातही कवटी आणि छायाचित्राची जुळवणी 'ही व्यक्ती ती नव्हे' हे जितक्या ठामपणे सांगते, तितक्या ठामपणे 'तीच ही' असे सांगू शकत नाही.

६/ कातडीचा रंग, केस, डोळ्यांचा रंग यांविषयी कवटी मौन पाळते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडला. त्याचा पहिला चेहरा काळसर केसांचा होता. २०१४ च्या जनुकीय अभ्यासाने डोळे निळे आणि केस, निदान बालपणी, सोनेरी असण्याची शक्यता अधिक ठरवली. कवटी तीच, माणूस मात्र वेगळा दिसू लागला.

७/ भारतातील उष्ण हवामानात हा आधारही क्वचितच मिळतो. राखीगढीच्या ६१ नमुन्यांतून अभ्यासण्याजोगा जनुकसंच एकाच व्यक्तीचा हाती आला. अशा स्थितीत चेहऱ्याच्या वर्णावरून आर्य-द्रविड वाद निकालात काढणे म्हणजे चित्रकाराच्या रंगपेटीला साक्षीदार करणे होय.

८/ म्हणून चेहरे घडवूच नयेत काय? अवश्य घडवावेत. मात्र अस्थींतून आलेला भाग, सरासरीवर आधारलेला भाग आणि कल्पिलेला भाग प्रत्येक चित्राखाली स्वतंत्रपणे नोंदवावेत. शक्य तेथे एकाच कवटीचे दोन-तीन पर्यायी चेहरे शेजारी मांडावेत. संग्रहालयांनी हा दंडक पाळावा आणि चित्र पुढे पाठवणाऱ्यांनी ती तळटीप कापू नये.

९/ आणखी एक अन्याय ध्यानात घ्यावा. चेहरा लाभतो तो बहुधा अखंड, प्रौढ कवटीला. तान्ह्या मुलाच्या विस्कळीत, ठिसूळ हाडांना तो लाभत नाही. तरीही नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या अस्थींवरून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्यांची वाढ, देहभार आणि बदलत्या पर्यावरणात त्या समाजावर आलेला ताण अभ्यासला. त्यांचा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

१०/ गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील मुले कशी वाढली, कशी खुरटली, हे त्या हाडांनी सांगितले; त्यासाठी चेहरा लागला नाही. इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने 'ते कसे दिसत होते?' हे जरूर विचारावे. पण 'ते कसे जगले?' हा प्रश्न त्याआधी विचारावा. त्याचे उत्तर अस्थी अधिक भरवशाने देतात.