साडेतीनशे रुपयांची ताकद

भाच्यानं डबी हातावर ठेवली तेव्हा मी अंगणात गाडी धूत होतो. काडेपेटीहून जराशी मोठी, पिवळं प्लॅस्टिक, एका तोंडाला पिनांची रांग. "मामा, ही लावा. पस्तीस टक्के पॉवर वाढते, पेट्रोलही वाचतं." किंमत साडेतीनशे रुपये. माझी पेट्रोल गाडी ११ वर्षांची. तिची ताकद पस्तीस टक्क्यांनी वाढायची म्हणजे म्हातारीला नवे दात फुटायचे. पण साडेतीनशेत हल्ली चौघांचं धड जेवण होत नाही. म्हटलं, बघू.

लावायचं काम मिनिटभराचं. स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. गॅरेजवाला स्कॅनर लावतो ते. डबी तिथे खुपसायची, चावी फिरवायची, वरचं बटण पाच सेकंद दाबायचं आणि दोनशे किलोमीटर गाडी चालवायची. तेवढ्यात चिप म्हणे आपली चालवण्याची पद्धत शिकते. लाल, हिरवा, निळा असे दिवे लुकलुकायला लागले. खरं सांगतो, त्या दिव्यांनीच मला निम्मं जिंकलं.

वसईकराला मोकळे दोनशे किलोमीटर शोधावे लागतात. घोडबंदरकडे वळलं की गायमुखच्या घाटात संध्याकाळ होते. २०२४ मध्ये अहमदाबाद महामार्गावर काँक्रीटचा थर टाकला जात होता तेव्हा तर वसई फाटा ते वर्सोवा पूल हे अंतर आम्ही तासांत मोजत होतो. तिथे शंभर घोडे काय आणि सव्वाशे काय, सगळे उभेच. म्हणून उलटं, डहाणूला जायचं ठरवलं. फाट्याजवळ टाकी काठोकाठ भरली, खानिवड्याचा टोल, मनोर, चारोटी, डहाणू. परत येऊन त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ. एरवी लिटरला चौदा देणारी गाडी साडेपंधरावर गेली होती! मी भाच्याला तिथूनच फोन लावला.

"अहो, पण ट्रकसुद्धा आपल्याला मागे टाकून जात होते," शेजारून बायको म्हणाली. "आणि एसी लावू दिलात का तुम्ही?"

तिच्या बोलण्यानं शंका आली, म्हणून डबी घेऊन सातिवलीच्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी डबी हातात घेतली आणि ते हसले. "काका, उघडू का?" स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं झाकण उचकटलं. आत नखाएवढी हिरवी पट्टी, तीन दिवे, एक बटण, एक चिमुकली चिप. मिस्त्रींनी मल्टिमीटरची टोकं फिरवायला सुरुवात केली. १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचे बारा व्होल्ट येतात; ४ आणि ५ म्हणजे अर्थिंग. गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते ६ आणि १४ वर. या दोन पिनांवर मीटर मुका. त्यांच्यापासून पट्टीवर एकही रेघ निघालेली नव्हती. "ना कान, ना तोंड," मिस्त्री म्हणाले, "मग शिकणार कुठून?"

फ्रान्समधल्या क्वार्क्सलॅब नावाच्या कंपनीच्या संशोधकांनीही अशीच एक डबी तपासली होती. डबी लावण्याआधीचे आणि नंतरचे गाडीतले संदेश त्यांनी ताडून पाहिले. डबीनं एक शब्द उच्चारला नव्हता. दिवे मात्र छान लागत होते.

मुळात ताकद येते हवेतून. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पण एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे साधारण नऊ हजार लिटर. इंजिन एका दमात किती हवा ओढणार हे सिलिंडरच्या मापावर आणि व्हॉल्व्हवर ठरतं. डबीत हवा कुठे आहे? टर्बो असलेल्या गाडीत गोष्ट वेगळी. तिथे पंखा हवा कोंबतो, त्यामुळे जाणकार माणसानं कॉम्प्युटरमधला मॅप बदलून दाब वाढवला की ताकद खरोखरच वाढते, कधी वीस-पंचवीस टक्क्यांनी. त्याचं बिल हजारांत येतं, क्लच आणि गिअरबॉक्स आपलं बिल नंतर वेगळं पाठवतात, वॉरंटी जाते ती जातेच.

या डबीचा एक धाकटा भाऊ आहे, आणि तो जास्त द्वाड. दोन वायरी आणि मधे रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतो. वाटेत रेझिस्टर घातला की भर मे महिन्यात वसईत कॉम्प्युटरला वाटतं, महाबळेश्वर आलं! थंड हवा दाट, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर थोड्याच वेळात ही चोरी पकडतो आणि पेट्रोल पुन्हा कापलं जातं. मात्र पाय पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर या सेन्सरचं ऐकत नाही. तेव्हा जादा पेट्रोल जातं ते जातंच. मिस्त्रींनी अशा एका गाडीचा स्पार्क प्लग डब्यातून काढून दाखवला. कंदिलाच्या काचेवर धरते तशी मऊ, काळीकुट्ट काजळी. बोटाला लागली ती दोनदा साबण लावूनही नखाच्या कडेला राहिली. त्यामानानं आमची डबी सज्जन. ती काही करतच नव्हती.

लोक फसतात म्हणून मी हसत नाही. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या एकानं पाल्यापासून पेट्रोल करून दाखवतो म्हटलं तेव्हा सगळा देश माना डोलावत होता, मीही. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बांधणारे अजून भेटतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९७० च्या दशकापासून इंधन वाचवणारी शंभरावर साधनं तपासली. जेमतेम काहींनी किंचित फायदा दिला, बाकी सारी कोरडी.

मिस्त्रींनी त्या दिवशी माझा एअर फिल्टर काढून आपटला. अर्धी वाटी लाल धूळ निघाली. मागच्या टायरांत सात-आठ पौंड हवा कमी होती, ती भरून दिली. बिल साठ रुपये.

डबी मी भाच्याला परत करणार होतो, पण शेजारच्या पोरांनी मागून नेली. नाताळ आठवड्यावर आला होता, गल्लीत येशूजन्माचा गोठा उभा राहत होता. त्यांना तारा लुकलुकता हवा होता, आणि बारा व्होल्टची जुनी बॅटरी मिस्त्रींनी दिली.