खिचडीचा व्हिडिओ काढण्याआधी

लोधिवलीपासून कर्जतच्या डोंगरपट्टीपर्यंत आपल्या तरुण कार्यकर्त्यांना सध्या एक सोपे आंदोलन सापडले आहे. अंगणवाडीत शिरायचे, पातळ खिचडीवर मोबाइल धरायचा, ताईंना झापायचे आणि ‘भ्रष्टाचार उघड’ म्हणून व्हिडिओ टाकायचा. संताप खरा आहे. कातकरी वाडीतले मूल उपाशी असेल तर संताप यायलाच हवा. पण निशाणा चुकतोय, आणि तो चुकला की मंत्रालय निवांत झोपते.

हिशेब बघा. 2017 साली केंद्राने पूरक आहाराचा दर ठरवला : मुलामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित असेल तर 12. आठ रुपयांत टपरीवर कटिंग मिळते का? सेविकेसाठी केंद्राने ठरवलेले 4500 रुपये, हा आकडा ऑक्टोबर 2018 चा. वर राज्य आपली भर घालते. याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मेख इथेच आहे. पगार मागता येतो, मानधन मिळते. तसेच आईला हक्कदार म्हणत नाहीत, ‘लाभार्थी’ म्हणतात. म्हणजे देणारीवरही उपकार आणि घेणारीवरही उपकार, आणि दोघींना एकमेकींसमोर उभे करून सरकार बाजूला.

एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही 4 डिसेंबर 2023 ला महाराष्ट्रातल्या ताईंना त्याच ग्रॅच्युइटीसाठी संपावर जावे लागले. पन्नासहून जास्त दिवस! तेव्हा आझाद मैदानात आपले निळे झेंडे किती होते?

आता चेहरा पडताळणी. 1 जुलै 2025 पासून पोषण ट्रॅकरवर आईचा चेहरा जुळला तरच घरी न्यायचा आहार. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेले की तो चेहरा गावात नसतो. वाडीवर रेंज नसते. मग आई भांडते ताईशी. ॲप काय ताईने बनवले? (2021 मध्ये याच ताईंनी सरकारचे निकामी मोबाइल परत केले होते, हेही आपल्याला ठाऊक नसते.)

याचा अर्थ ताईंना सगळे माफ असा नाही. जी सेविका आपल्या किंवा आदिवासी मुलांना वेगळे बसवते, वाडीवर पाऊल टाकत नाही, तिच्याविरुद्ध लेखी तक्रार करायचीच. तिथे ‘मानधन कमी आहे’ हे कारण चालणार नाही.

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीला राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानले आणि खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असे मांडले. दयाबुद्धीचा तिथे संबंध नव्हता.

आपल्या हातात कायदा आहे. अन्न सुरक्षा कायदा 2013, कलम 8 : हक्काचा आहार मिळाला नाही तर सरकारने भत्ता द्यायचा. कलम 15 : जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी. सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश : सहा वर्षांखालची किमान 40 मुले असलेल्या वस्तीने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी. आपल्या तालुक्यातल्या किती वाड्यांनी असा अर्ज केलाय? वाडीवर बसून मुले मोजा, आयांच्या सह्या-अंगठे घ्या, ताईंच्या युनियनला सोबत घेऊन दरवाढीची मागणी त्याच निवेदनात घाला आणि अलिबागला जा. व्हिडिओ काढायचाच असेल तर तिथे पोच घेतानाचा काढा.