पेशीतला चुकलेला पत्ता आणि ५० लाखांची मर्यादा

बाळाचे पोट सतत फुगलेले, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट्स कमी, हाडे दुखतात. अशा वेळी डॉक्टरांनी 'लायसोसोमल स्टोरेज' आजाराची शंका सांगितली, तर घरचे गोंधळून जातात. हा आजार आहे तरी काय?

आपल्या पेशीत प्रथिने एका ठिकाणी तयार होतात आणि काम दुसरीकडे करतात. हिंगोलीचे पत्र ४३१५१३ या पिनकोडवरून वेगळे काढले जाते, तसेच पेशी प्रथिनांवरच्या खुणा वाचते. (अशी खूण प्रथिनातच असते हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.) लायसोसोम म्हणजे पेशीतला कचरा मोडणारा कप्पा. तिथे जाणाऱ्या बहुतेक एन्झाइमवर मॅनोज-६-फॉस्फेट ही साखरेची खूण लागते. आय-सेल या आजारात ती लागतच नाही. मग एन्झाइम रक्तात भरपूर सापडतात, पण पेशीच्या आत नसतात आणि कचरा साचत जातो. गौचर आजारात गडबड वेगळी आहे. एन्झाइमची घडी चुकते, त्यामुळे पेशी बऱ्याचदा ते वाटेतच अडवून नष्ट करते.

उपचारही याच खुणांवर चालतो. गौचरसाठी सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या एन्झाइमवर मॅनोज साखर उघडी ठेवलेली असते. ती ओळखून मॅक्रोफेज पेशी औषध आत ओढतात. पॉम्पे आजाराच्या औषधात मॅनोज-६-फॉस्फेट हेच काम करते. मात्र शिरेतून दिलेले हे औषध मेंदूत जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून गौचरच्या पहिल्या प्रकारात फरक चांगला दिसतो, पण मेंदूवर परिणाम करणाऱ्या प्रकारात अपेक्षा मर्यादित ठेवावी लागते. हे डॉक्टरांना सुरुवातीलाच स्पष्ट विचारा.

आता पैशांचे. दिलेले एन्झाइम काही दिवसांत संपते, म्हणून औषध साधारण दर पंधरा दिवसांनी, वजनानुसार आणि जन्मभर घ्यावे लागते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, तीही ठरावीक उत्कृष्टता केंद्रांतूनच. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक. मूल वाढते तसा डोस वाढतो, मर्यादा मात्र तीच राहते. माझ्या मते धोरणातली खरी अडचण ही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन वर्षांसाठी ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारायला सांगितले, पण आदेश आला म्हणून उद्या औषध हातात पडेल असे समजू नका. दिलासा आहे तो एलिग्लुस्टॅट या गौचरच्या कॅप्सूलचा. ती भारतात बनू लागल्यावर वर्षाचा खर्च कोटींवरून काही लाखांवर आल्याचे सरकारने २०२३ मध्ये सांगितले. ती प्रत्येकाला चालत नाही.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पण या आजारांच्या मदतीसाठी मुंबई गाठावी लागते. जाण्याआधी सोनोग्राफी, जुने रक्ताचे अहवाल आणि आधार कार्ड एका फाइलमध्ये लावा.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होतात. नात्यातल्या लग्नात असे आजार जास्त दिसतात, पण दोष आई-वडील दोघांकडून आलेला असतो. सुनेला बोल लावू नका. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो आणि गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी आधी आजारी मुलाचे जनुकीय निदान हवे.

आणि कारण न सापडता कोणी प्लीहा काढायचा सल्ला दिला, तर आधी एन्झाइमची रक्ततपासणी झाली का, हे विचारा.